येसराचा पहिला डबा

मिरच्या भाजल्याचा ठसका लागला की संभाजीनगरच्या आमच्या घरातली ती जुनी दुपार आठवते. आई येसर, म्हणजे आमटीत घालायचं धान्य-मसाल्यांचं पीठ, करायला सगळं भाजत होती. मिरच्या करपल्या, आम्ही खोकत बाहेर पळालो; ती मात्र शांतपणे हलवत बसली.

"मला तर वासच येत नाय," ती म्हणाली. आम्ही हसलो. पिशोरहून आलेली आत्या हसली नाही.

"वहिनी, चालताना तुमचा उजवा हात बी हलत नाय. आमच्या ह्यांचं असंच सुरू झालं होतं. आम्हाला लई उशिरा कळलं."

तेव्हा मला आत्याचा रागच आला होता. पण तिच्या बोलण्यामुळेच डॉक्टरांना दाखवलं आणि आईचा पार्किन्सन वेळेवर कळला; वास न येणं, हात न हलणं ही त्याचीच सुरुवात होती. औषधं घेत ती आजही स्वतः येसर भाजते. "करपलं का गं?" एवढं मला विचारते, आणि पहिला डबा भरते तो आत्यासाठी.