विन्सेंटच्या लॅपटॉपमधली जागा

विन्सेंट गेल्याचा फोन आला तेव्हा खरं सांगायचं तर एवढंच वाटलं, सुटला बिचारा. रडू यायला बरेच दिवस गेले… घशाच्या कॅन्सरने त्याला आणि आम्हा सगळ्यांनाच पार दमवून टाकलं होतं.

अंधेरीच्या एका ऑफिसात आम्ही शेजारी बसून वर्षानुवर्षं कंप्युटर सांभाळले. मी भांडुपचा, तो मनोरीचा. मनोरीत तेव्हा नेटची नुसती रड. एखादं सॉफ्टवेअर उतरवायचं म्हणजे अख्खा दिवस खोटी. म्हणून काहीही टाकायच्या आधी याचा पहिला प्रश्न, "जागा किती खाणार?" ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर कुठलं सॉफ्टवेअर डिस्कची किती जागा अडवून बसलंय, याची तो अधूनमधून मोजणी काढायचा, सगळ्यात खादाड ते सगळ्यात वर. एकदा मी हुशारी करून एकेका सॉफ्टवेअरची जागा वेगवेगळी काढली आणि बेरीज मारली, तर ती डिस्कपेक्षा मोठी! विन्सेंट अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे येड्या, दोन सॉफ्टवेअर मिळून ज्या फायली वापरतात त्या तू दोनदा धरल्यास! घरात नवरा-बायको दोघं जेवतात, म्हणून काय दोन शेगड्या असतात?" त्याला हळू बोलताच यायचं नाही. भांडण असो की लाड, पट्टी तीच.

ऑपरेशनमध्ये तो आवाजच गेला. मग त्याने लॅपटॉपवर बोलणारं सॉफ्टवेअर टाकलं. काही विचारलं की तो टाइप करेपर्यंत थांबायचं, मग मशीन वाचून दाखवायचं, एकदम शांत, सभ्य आवाजात. मला त्या आवाजाची चीड यायची.

परवा त्याच्या बायकोने, फिलोमिनाने, बोलावलं. ती घरून ऑनलाइन शिकवण्या घेते. आता घर त्यावरच चालतं. क्लासचं नवं सॉफ्टवेअर विन्सेंटचा लॅपटॉप घेईना, जागाच नव्हती. "त्याचं काही जाऊ देऊ नको हां," तिने आधीच बजावलं. मी मोजणी काढली. सगळ्यात वर ते बोलणारं सॉफ्टवेअर, त्यातल्या आवाजांच्या फायलींसकट. बाकीचं किडुकमिडुक काढून काही भागणार नव्हतं. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवून तिला सांगितलं. तिने स्क्रीनवरची यादी वाचली आणि म्हणाली, "उडव."

"वहिनी, बघ हां. शेवटी शेवटी तो सगळं यातूनच…"

"यातून बोलायचा रे, पण तो नव्हता तो. माझा नवरा माझ्यावर ओरडायचा. हा मेला एकदा तरी ओरडला का?"

मग ती रडली. मीही रडलो.

उडवलं. क्लासचं सॉफ्टवेअर बसलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच विचारलं, "जेवून जाशील ना?" मी लगेच हो म्हणालो. तरी ती दारात येऊन, लॅपटॉपकडे बघत, थांबून राहिली… उत्तर टाइप करायला लागतो तेवढा वेळ.