चार विरुद्ध तीन

"मले ही जागा मान्य नाही," दादाराव म्हणाला, आणि लीलाबाई नवऱ्याकडे आ वासून बघत राहिली.

एकोणतीस वर्षांच्या संसारात या माणसानं भाजीत मीठ कमी पडलं तरी तक्रार केली नव्हती. वाढलेलं खायचं, सांगितलेलं आणायचं आणि संध्याकाळी दारात बसून बिडी ओढायची, एवढाच त्याचा कारभार. तो आज विहाराच्या ओसरीत, शाळेच्या संचालक मंडळाच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत बायकोच्या विरोधात बोलला होता. तिला आधी वाटलं, आपण ऐकलं तेच चुकीचं.

साल चौऱ्याऐंशी, मार्च महिना. सौंसरपासून हाकेच्या अंतरावरची ती वस्ती. बौद्ध मंडळींनी आपल्या हिमतीवर काढलेली शाळा तिथं विहाराच्या ओसरीत भरायची. पाच वर्ग, दोन मास्तर, एक फळा. तिसरीचा पाढा चालू असताना चौथीची कविता कुणालाच ऐकू येत नसे. छिंदवाड्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की जुलैपर्यंत स्वतःच्या जागेवर दोन खोल्या उभ्या दिसल्या नाहीत तर शाळेची मान्यता गेली. मान्यता गेली की लेकरांनी नागपूरचा रस्ता ओलांडून सौंसरच्या शाळेत जायचं. मुलगे जातील. मुली घरी बसतील, हे लीलाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतः तशीच बसलेली मुलगी होती.

अक्षर तिला लागलं चौतिसाव्या वर्षी, याच ओसरीत, दुपारच्या प्रौढ वर्गात. संत्र्याच्या तोडीवरून यायची, हाताला सालीचा वास तसाच, आणि पाटीवर नाव गिरवायची. एकदा वाचता यायला लागल्यावर मात्र तिनं काही सोडलं नाही. साबणाचा कागद, एसटीची पाटी, भिंतीवरची जाहिरात, सगळं मोठ्यानं वाचायची, ऐकणाऱ्याला नको होईपर्यंत. मंडळात एक बाई हवी असा नियम निघाला तेव्हा पुरुषांनी तिला घेतलं. बैठकीला चहा तरी वेळेवर मिळेल असा त्यांचा हिशेब होता. चहा तिनं एकदाही आणला नाही.

लेकरं तिला चार झाली, तीन राहिली. पहिली पंचफुला आठ महिन्यांची होऊन तापानं गेली, सत्तावन साली. तिच्या कमरेच्या काळ्या करदोड्यात दोन भोकाचे पैसे होते. इतर लेकरांना एकच असायचा. पण हिला एक मोहगावच्या आजीनं आणला, एक घरच्या आजीनं, आणि दोघींपैकी माघार कोण घेणार? एवढ्याशा कमरेला दोन्ही बांधले. ती गेली तेव्हा दादाराव आणि शेजारचे नत्थूजी तिला पुरायला उचलून घेऊन गेले. कुठं, ते आईला सांगायचं नाही अशी तिथली रीत. सांगितलं तर बाई तिथं जाऊन बसेल, मागच्या लेकरांकडे बघणार नाही, असं म्हणत. बापांनी न्यायचं आणि बापांनीच पोटात ठेवायचं. लीलाबाईनं दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तर जागेचं. तहसिलीतून एकच जागा मिळत होती, नाल्याच्या काठावरचा पळसांचा पडीक तुकडा. उत्तम नावाचा तरुण, तहसिलीतच कामाला, मंडळाचा सचिव होता. त्यानं खेटे घालून घालून तो तुकडा मिळवला होता. आणि आता सात जणांतले तीन म्हातारे आडवे पडले होते.

"तिथं साप निघतेत," सगळ्यांत वडील नत्थूजी म्हणाले.

"लेकराइले लय दूर पडते," श्रावण म्हणाला.

"पाणी साचते," दादाराव म्हणाला.

लीलाबाईचं डोकंच फिरलं. "चला," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता चला. डोयानं पाहू."

सातही जण निघाले. लीलाबाई पुढं, मोठ्यानं पावलं मोजत. दोनशे दहा भरली. "श्रावणभाऊ, दोनशे दहा पावलं दूर म्हणता? तुमी बिडीसाठी याच्या दुप्पट जाता." मग नत्थूजींकडे वळली. "आन मामाजी, मांगच्या पोयाले साप तुमच्याच कोठ्यात निघाला होता. म्हून तुमी घर सोडलं का?" बाकीचे हसले. नत्थूजी हसले नाहीत.

पळस फुलले होते. दोन झाडांच्या मधोमध ती उभी राहिली, लुगडं जरा वर धरलं आणि चपलेची टाच जमिनीवर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. "पाहा! टाच रुतत नाही. इथं पाणी साचते म्हणता?"

दादारावानं नाल्याकडे तोंड फिरवलं. हरलेला माणूस रुसला, असं तिनं ठरवून टाकलं.

"मावशी, जिथं टाच मारली तोच आपला पहिला कोपरा," उत्तम म्हणाला आणि त्यानं तिथंच दगडानं खुंटी ठोकली. मग हात वर झाले. चार विरुद्ध तीन. लीलाबाईच्या एका मतानं जागा पास झाली.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सोडलं नाही. मंडळात बायको बसली ते सलते तुमाले, म्हणून आडवे जाऊन राहिले, हे तिनं भाकरी थापता थापता चार वेळा ऐकवलं. दादारावानं खाली मान घालून जेवण केलं. उत्तर द्यायचं त्यानं एकदाच मनावर घेतलं होतं, "लीले" एवढं म्हणालाही, आणि मग पाणी मागितलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पाया खणायला सगळी वस्ती आली. बायकांच्या डोक्यावर घमेली, पुरुषांच्या हातात कुदळी. नत्थूजी आणि श्रावण आले नाहीत. अंगात कणकण आहे, असा दोघांचाही निरोप आला. दादाराव मात्र सकाळपासून खुंटीपाशी उभा होता.

"हा कोपरा मी खंदतो," तो म्हणाला. "मी एकटा."

"राहू द्या," लीलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "इरोध करनारायनं पाया खंदू नये. उत्तम, धर कुदय."

बायका खळखळून हसल्या. दादारावानं कुदळ उत्तमच्या हातात दिली आणि तो पळसाच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिला.

खड्डा मांडीइतका खोल गेला असेल. उत्तम वाकला, मातीतून काहीतरी उचललं, पँटीला पुसलं. "मावशी, जुना पैसा! भोकाचा!"

"कमेटीले धन सापडलं," कुणीतरी ओरडलं. लीलाबाई हसत पुढं झाली, हात पसरला. पैसा तळव्यावर आला आणि तिला तो जाड लागला. तिनं नखानं माती खरवडली. तो एक नव्हता. दोन होते, हिरवे पडलेले, एकमेकांना घट्ट चिकटलेले, भोकावर भोक.

तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढून घ्यायचं तिला सुचलं नाही. कानात गरम वारा भरल्यासारखं झालं. कुणी काही बोलत होतं, ते ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. तिनं खड्ड्यात पाहिलं. तिथं दुसरं काहीच नव्हतं, सत्तावीस वर्षांत मातीनं काही ठेवलं नव्हतं. मग तिनं पळसाकडे पाहिलं. दादारावानं दोन्ही हातांनी बुंधा धरला होता.

"अजी," ती म्हणाली, "हे काय होय?"

त्यानं कपाळ बुंध्याला टेकवलं.

"मी विचारून राहिली, हे काय होय?"

"पंचफुलाचं होय," दादाराव म्हणाला.

कुदळी थांबल्या. लीलाबाई मटकन खाली बसली. रडायला हवं होतं, रडू येईना. मनात एकच गोष्ट फिरत होती, ती म्हणजे चपलेची टाच. एकदा, दोनदा, तीनदा.

काम थांबल्याचं वस्तीत कळलं तसे नत्थूजी काठी टेकत आले. मागून श्रावण. कणकण वगैरे कुणाच्याच अंगात दिसत नव्हती. लीलाबाईनं मान वर केली. तीन म्हातारे एका ओळीत उभे होते, ज्यांनी जागेच्या विरोधात हात वर केले होते तेच तीन. तिला एकदम सगळं दिसलं आणि दिसू नये असंही वाटलं.

"मामाजी," ती म्हणाली, "तुमचा साप?"

नत्थूजींनी दोन बोटं वर केली. "माहे दोघं हायेत. नाल्याच्या अंगानं."

"श्रावणभाऊ?"

"एक," श्रावण म्हणाला. "नाव ठेवाचंच होतं."

"मंग बोलले काऊन नाही?" लीलाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की झाडावरचे कावळे उडाले. "लेकरं पुराचं ठिकाण होय, असं म्हनाले काय झालं होतं? सात जनं बसलो होतो!"

"मायपुढं सांगाचं नसते, बाई," नत्थूजी म्हणाले. "आन तू त समोर बसली होती."

ते ऐकून लीलाबाई गारठून गेली. म्हाताऱ्याचं खरं होतं. मंडळात आजवर फक्त बाप बसत आले होते. एकानं दुसऱ्याकडे बघितलं असतं की विषय मिटला असता, जागा नको म्हणून तहसिलीला कळवलं असतं. मंडळात आई पहिल्यांदाच बसली होती. तिच्यासमोर बोलायचं नाही म्हणून तिघांनी साप काढले, पाणी काढलं, अंतर काढलं, आणि ती एकेकाचं तोंड बंद करत खुंटीपर्यंत पोचली होती. आपल्याच हुशारीचा तिला त्या क्षणी इतका राग आला की हातातले पैसे तळव्यात रुतले.

त्या दिवशी वस्तीतल्या अकरा बायकांनी आपापल्या नवऱ्याला एकच प्रश्न विचारला. काहींनी तिथंच, घमेलं डोक्यावर असताना. काही नवऱ्यांनी बोटानं जागा दाखवली. काही नुसते रडले.

"मावशी," उत्तम घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मले खरंच मालूम नव्हतं. काम बंद करू? दुसरी जागा मांगू?"

दुसरी जागा मागायची म्हणजे पुढचं वर्ष. जुलै कुणासाठी थांबणार नव्हता. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि आता काय ठरवायचं ते तिनंच ठरवावं असं त्यांना वाटत होतं. याचाही तिला धक्काच बसला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"शाया इथंच," ती म्हणाली. "पर रस्त्याच्या अंगानं. पयसाच्या इकडं कुदय लागनार नाही. इकडं लेकरं खेयतीन."

नत्थूजींनी हात वर केला. श्रावणानं केला. दादारावाचा हात सगळ्यांत शेवटी वर आला. उत्तमनं वहीत लिहिलं: पाया पंचवीस पावले रस्त्याकडे सरकवण्यात येत आहे, सर्वानुमते. कारणाची ओळ त्यानं कोरी सोडली. लीलाबाईनं ते पैसे होते तिथं परत ठेवले आणि खड्डा हातानं बुजवला. कुणालाही माती लोटू दिली नाही.

जुलैत दोन खोल्या उभ्या होत्या. साहेब आले, भिंतीला हात लावून बघितला, सही करून गेले. शाळा उघडली त्या सकाळी पहिलीच्या मुली रांगेत उभ्या राहण्याऐवजी पळसांखाली शिवाशिवी खेळत होत्या आणि मास्तर त्यांना बोलावून दमले होते. फाटकापाशी लीलाबाई आणि दादाराव उभे होते.

"अजी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिसी मी टाच हानली. ते थेच जागा होती ना?"

खुंटीची जागा इथूनही दिसत होती. दोन झाडांच्या मधोमध तेवढ्याच मातीचा रंग अजून वेगळा होता.

"छ्या," दादाराव म्हणाला. "ते तिकडं. तू लय दूर होती, लीले. लय दूर."

पाणी साचतं हे खोटं त्याला धड सांगता आलं नव्हतं. हे मात्र त्यानं तिला आपल्याकडे वळवून, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"बरं झालं मंग," ती म्हणाली आणि तिनं फाटकाबाहेर चपला काढून ठेवल्या. मंडळात होती तोवर ती त्या आवारात कधी चपला घालून गेली नाही. नव्यानं आलेल्या मास्तरांना वाटायचं, बाईला चपलेची सवय नसेल.