बरं, मग?

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष रोज सकाळी खालच्या फळ्यावर महायुद्धानंतरच्या एका विलायती मुत्सद्द्याचं वचन लिहितात. विषय नेतृत्व, नाहीतर संधी. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मंडईतून येतात, पिशवी खाली ठेवून ते मोठ्याने वाचतात आणि म्हणतात, "बरं, मग?" उत्तराची वाट न बघता पिशवी उचलतात.

मला आधी या बाईंचा राग यायचा. याच मुत्सद्द्याची वचनं घोकून मी कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवली होती. घरी आल्यावर ती ढाल कुठे ठेवू, हेसुद्धा वडिलांना विचारलं होतं. अशी मी तडफदार!

गेल्या सोमवारी मी फिरून आले, तेव्हा फळ्यावर होतं की, खरा पुढारी संधी स्वतःपुरती ठेवत नाही. त्याच्याखालीच नोटीस होती: कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. सहाव्या मजल्यावर माझ्याकडे पोळ्या करणारी शांता गुडघ्याचा पट्टा सावरत जिन्याकडे वळली.

बाईंनी दोन्ही वाचलं. "बरं, मग?" म्हणाल्या, शांताला हाताला धरून लिफ्टमध्ये घेतलं आणि दार अडवून उभ्या राहिल्या.

"अहो, नियम मीटिंगमध्ये ठरलाय!" अध्यक्ष धावत आले.

"ही लिफ्टने जाईल. नाहीतर आज कोणीच जाणार नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही तरी समजवा यांना. तुम्ही शिकलेल्या आहात."

मी काठी टेकत आत शिरले, दाराच्या दुसऱ्या बाजूला पाठ लावली आणि अध्यक्षांना विचारलं, "बरं, मग?"