एकशे नववा श्लोक

रावसाहेब गेल्याचे त्यांच्या सुनेने फोनवर कळवले, तेव्हा मी पाठशाळेत मुलांना स्तोत्र सांगत होतो. पाठ पूर्ण केला आणि मगच औरंगपुऱ्याहून रिक्षा धरली... काम अर्धे टाकून आलेला मी त्यांना रुचलो नसतो. त्याला आज महिना लोटला.

चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर सुटे भाग तपासले, आणि निवृत्तीनंतर नातीकडून संगणकाची भाषा शिकून घेतली. माझ्या आचार्यांनी स्वहस्ते नकललेले स्तोत्र तेव्हा छापायला जायचे होते. ते निर्दोष छापले जावे, एवढीच माझी गुरुदक्षिणा उरली होती. देवधर्म न मानणाऱ्या रावसाहेबांनी तपासणीचे काम आपणहून मागून घेतले. रेग्युलर एक्सप्रेशन म्हणजे मजकुराला लावायचा साचा, हे त्यांनीच मला समजावले. इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या लायब्ररीतून ती सोय तयार मिळते. पहिल्या अर्ध्या ओळीनंतर एक दंड म्हणजे उभी रेघ, दुसरीनंतर दोन दंड आणि क्रमांक, असा साचा त्यांनी लिहिला. त्यात न बसणारा श्लोक यंत्र बाजूला काढणार होते.

बाजूला निघाला तो एकच, अठ्ठेचाळिसावा. त्यात दोनऐवजी तीन अर्ध्या ओळी होत्या.

"असेही श्लोक असतात, रावसाहेब. शिवाय एकूण बरोबर एकशे आठ भरतात."

"म्हणूनच कुणी शंका घेतली नाय, गुरुजी. भाग चकचकीत दिसला की आमचे इन्स्पेक्टर बी असेच फसायचे."

आचार्य चुकले असे म्हणणे माझ्या जिवावर आले. दोन दिवस मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ते स्कूटर घेऊन दारात हजर. "चला वेरूळला. तुम्ही दर्शन घ्या, पोथी मी बघतो."

आचार्यांनी जिच्यावरून नक्कल केली, ती जुनी पोथी तिथल्या एका घरात जपलेली होती. पान उलटले आणि अठ्ठेचाळिसाव्या श्लोकाची निसटलेली अर्धी ओळ, तिच्या क्रमांकासह, समोर आली. आचार्यांची नजर ती ओलांडून गेल्याने आधीची अर्धी ओळ पुढच्या श्लोकाला चिकटली होती, आणि त्यांनी स्वतः मोजून घातलेले पुढचे सारे आकडे एकाने मागे सरकले होते. श्लोक होते एकशे नऊ. ती ओळ मी मोठ्याने म्हटली, पुन्हा म्हटली. आचार्यांचे स्तोत्र पूर्ण झाले होते.

"आता बसला बघा साच्यात," रावसाहेब म्हणाले. घृष्णेश्वराला मी त्यांच्याही नावाने बेल वाहिला. त्यांनी हरकत घेतली नाही.

आता पाठशाळेची मुले एकशे नऊ श्लोक खणखणीत म्हणतात. परवा दुसरी एक संहिता मी त्यांच्याच साच्यातून काढली. एक श्लोक बाजूला निघाला. मनात समर्थन तयार होऊ लागले... आणि मी उठून मूळ पोथीचा रुमाल सोडला.