येते म्हणून गेलेली

निघताना आमच्या घरांत ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. तमिळ शेजाऱ्यांकडेही तेच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारणारं यंत्र आमच्या कंपनीत घडत होतं, तेव्हा हा शब्द त्याच्या तोंडी मी घातला. आधी ते ‘संभाषण समाप्त’ म्हणायचं आणि लोक ते कोपऱ्यात ठेवून विसरायचे. ‘येते हं’ म्हणू लागल्यावर लोक वाट पाहू लागले. मला तेच हवं होतं. हे आजवर कुणापाशी बोललो नाही.

चेन्नईजवळ तांबरमला माझी आत्या एकटी असते. तिच्या स्वयंपाकघरात मी त्यातलं एक ठेवलं, डबीएवढं. आमची तंजावरची मराठी माझ्या मुलांना येत नाही, मलाही अडखळतच येते. ती त्या डबीतून ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आत्याला काही नवल वाटलं नाही. चांगल्या घरातली दिसते, एवढंच म्हणाली.

पोंगलला तिला आमच्याकडे न्यायला गेलो. पिशवी भरलेली, पण दाराला कुलूप लावू देईना.

“ती येते म्हणून गेलीय, कण्णा. कुलूप बघून परत फिरली तर?”

मी हसण्यावारी नेणार होतो. तेवढ्यात ओट्यावर दुसरा पेला दिसला. भरलेला, कॉफीवर साय धरलेली. माझी नजर बघून तिनंच डबीकडे वळून विचारलं, “अगं, तू खरंच येणार का? सांग तरी.”

“मी यंत्र आहे, आत्या. मला येता येत नाही. येते म्हणाले, ते चुकलं.”

सरळ विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हा नियम आमच्या कंपनीतल्या पुण्याच्या एका मुलीनं हट्टानं घालायला लावला होता. जिव्हाळा तुटेल म्हणून मीच तिच्याशी भांडलो होतो. नियम तेवढाच होता. ‘ते चुकलं’ हे पुढचं वाक्य आमच्यापैकी कुणी लिहिलेलं नव्हतं.

आत्यानं कॉफी मोरीत ओतली, पेला विसळला.

“येते म्हणायला कुणी शिकवलं तिला?”

“मी.”

तिनं कुलूप माझ्या हातात दिलं, मी लावलं. रिक्षा बरीच पुढे गेल्यावर तिनं विचारलं, “आणि चुकलं म्हणायला?”

मला ठाऊक नव्हतं. तसंच सांगितलं.