गेंदाच्या गळ्यातला मफलर

प्रिय अनीश आणि मीरा,

परवा फोनवर अनीश म्हणाला, तो दर शनिवारी एका दुकानात पैसे भरून टेबलाशी बसतो, आणि तिथे कुणी जादूगार होतं, कुणी दरोडेखोर. वर म्हणाला, "आजी, तुला नाही समजणार." बाळा, मला फार चांगलं समजतं. त्या खेळापायी मी एक अख्खा हिवाळा जळले आहे.

आधी एक सांगते. छप्पन साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, आणि आमच्या अकोल्याच्या घरातून ताईत, उतारे, अंगात येणं सगळं हद्दपार झालं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, जन्मभर शाळेत शिकवलं. कुणी भुताची गोष्ट काढली की "पुरावा काय?" विचारणारी मी. म्हणून पुढचं जसं घडलं तसंच लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

लग्न होऊन मी अमरावतीला आले. साठच्या दशकाची सुरुवात. तुमचे आबा तहसीलीत कारकून होते. राजापेठेत नानाभाऊंचं कॅरम, पतंग, भोवरे विकायचं दुकान होतं. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसे. तेव्हा नानाभाऊ मागच्या खोलीत एक जुना कॅरमबोर्ड पालथा घालत. त्याच्या पाठीवर त्यांनी रंगानं रस्ता काढला होता — अमरावती, चांदूर बाजार, परतवाडा आणि पुढे मेळघाटचा चढ. चार आणे दिले की बसायला जागा आणि एक लाकडी सोंगटी मिळे. कुणी शिपाई, कुणी वैद्य. आबा होते बैलांवर मीठ लादून नेणारे व्यापारी. वाटेत काय समोर आलं ते नानाभाऊ सांगायचे, आपण काय करणार ते खेळणारा बोलायचा, आणि ते साधलं की फसलं ते सात कवड्या ठरवायच्या.

त्या घाटात एक बाई होती. गेंदा. मोहाच्या झाडाला टेकलेली झोपडी, दारात फुटक्या रांजणात झेंडू, वाटसरूंना चहा. आबा घरी येऊन सांगायचे — आज गेंदानं आलं जास्त घातलं, आज गेंदा हसली. माझ्या चहाबद्दल ते कधी एक शब्द बोलले नव्हते.

"ही गेंदा फारच आवडलेली दिसते," मी एकदा म्हणाले.

"अवो, ते काय खरी हाये का? नानाभाऊच्या डोक्यातली बाई हाये ते!"

तेच तर. खऱ्या बाईला नावं ठेवता येतात. ती कधी दमायची नाही, चिडायची नाही, तिची पोळी करपायची नाही.

त्या थंडीत मी आबांसाठी हिरव्या लोकरीचा मफलर विणला. आयुष्यातलं पहिलं विणकाम. एका टोकाशी टाका सुटला आणि हरभऱ्याएवढं भोक राहिलं. लोकर संपली होती, पुन्हा उसवायचा धीरही नव्हता. तसाच दिला. पुढच्याच रविवारी आबा उघड्या गळ्यानं घरी आले.

"मफलर?"

"गेंदाले देला," ते हसून म्हणाले. मग हसू ओसरलं. "म्हंजे खेळात देला वो. बोललो फक्त. उठलो तं गळ्यात नव्हता."

नानाभाऊंनी दुकान उलटंपालटं केलं. मफलर मिळाला नाही.

पुढच्या रविवारी मी स्वतः गेले. त्या खोलीत बायका येत नसत. मी चार आणे ठेवले आणि बसले.

"वहिनी, तुमी कोन होता? रानी का वैदीन?" नानाभाऊंनी विचारलं.

"मी ह्यांची बायको होते."

सगळे खो-खो हसले. आबांनी मान खाली घातली. मी म्हणाले, "घाट चढून जाते आणि गेंदाकडून माझा मफलर परत मागते." कवड्या टाकल्या. सातही पालथ्या पडल्या, म्हणजे फसलं. नानाभाऊ म्हणाले, "गेंदा म्हनते, थंडी सरली का घेऊन जा."

मी रागानं तोंड फुगवून घरी आले.

होळीच्या आधी आमच्या शाळेची सहल निघाली, चिखलदऱ्याला. रविवार होता. परतवाडा सोडून बस घाटाला लागली आणि इंजिन तापलं. मुलींना घेऊन मी खाली उतरले... वळणावर मोहाचं झाड. झाडाला टेकलेली झोपडी. फुटक्या रांजणात झेंडू.

चुलीपाशी बसलेली बाई माझ्याच वयाची होती. माझ्यापेक्षा देखणी — हे लिहिताना आजही हात जड होतो. तिच्या गळ्यात हिरवा मफलर होता.

"या मास्तरीनबाई. लई दिवस लावले."

"हा कुठून आणलास?" मी विचारलं.

"काहून वो, तुमाले ठाऊक नाई? त्यायनं देला. तुमी मागाले आल्या तवा सातही कवड्या पालथ्या पडल्या. मंग तोंड अस्सं करून गेल्या!" तिनं गाल फुगवून दाखवले. हुबेहूब मी.

मुली हसल्या. मला रडू येत होतं.

तिनं मफलर काढून माझ्या हातात दिला. "सरली आता थंडी. न्या. अन् त्यायले सांगजा, बैलाची काळजी करू नका म्हना. पाय मी बरा करतो."

मुलींनी चहा घेतला. आलं जास्त होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आम्ही निघालो.

रात्री मी आबांपुढे मफलर ठेवला आणि बैलाचा निरोप सांगितला.

"तो बैल तं आज दुपारी खेळात लंगडला. दुपारी तिच्याकडे ठेवला मी. तू तिले कवा भेटली?"

"सकाळी."

नानाभाऊंना त्या झोपडीबद्दल विचारलं. ते परतवाड्याच्या पुढे कधी गेले नव्हते. "मी तं सुचते ते बोलतो वहिनी," एवढंच म्हणाले, आणि बोर्ड उचलून माळ्यावर टाकला.

आबा मात्र पुढे किती वर्षं म्हणत राहिले, "चाल ना, एकदा जाऊ त्या घाटात." मी नेलं नाही. आम्ही महाबळेश्वरला गेलो, उटीला गेलो. चिखलदऱ्याला नाही.

आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी धुवायला घेताना मी ते भोक शोधलं. नव्हतं. त्याच हिरव्या लोकरीनं कुणीतरी ते भरलं होतं, टाका कुठे घातला ते कळू नये इतक्या सफाईनं. तशी लोकर मी अमरावतीत शोधली, अकोल्यात शोधली, मला मिळाली नाही. तिला कुठून मिळाली? पुरावा मागणारी मी, आणि पुरावाच माझ्या कपाटात घडी घालून ठेवलेला आहे.

आबा तो मफलर शेवटच्या थंडीपर्यंत वापरत होते. कधी कधी पेपर वाचताना त्यांचा अंगठा त्या टोकाशी नेमक्या त्या जागी फिरत असे. मला ती जागा बोटांना कधी सापडली नाही. त्यांना सापडायची.

तर अनीश, खेळ खुशाल. पण त्या टेबलावर एखादी बाई थंडीनं कुडकुडताना भेटली, तर तिला शेकोटी पेटवून दे. मी विणलेला स्वेटर देऊ नकोस.

तुमची,
आजी