अक्काच्या बाटलीतला रंग

निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं. जालन्याच्या दवाखान्यात तपासणीची खोली माझ्याकडे होती. मूत्रपिंडं किती काम करतात हे पाहायची आमची रीत सोपी होती. दंडात एक लाल औषध टोचायचं, पाणी पाजायचं आणि नंतरची लघवी बाटलीत धरायची. तिच्यात सोड्याचं पाणी टाकलं की उतरलेल्या औषधाचा गुलाबी रंग खुलायचा. तो नमुन्याच्या नळ्यांशी ताडायचा. रंग गडद, तर मूत्रपिंडं धड.

वाटूरहून माझ्या थोरल्या बहिणीला आणलं. तिला मूतखडा होता. ऑपरेशन करायचं की नाही, हे या रंगावर ठरणार होतं.

"लाल न्हाई आलं तर?" तिनं विचारलं.

"तर घरी."

"म्हंजी मरायला. बराबर सांग की."

"बोलू नको, पाणी पी."

"हुकूम करून राह्यली! तुझं नाक मीच पुसलंय."

बाटली आली. सोडा टाकताच रंग एकदम भडकला. मग नीट पाहिलं. आमचा रंग गुलाबी असतो. हा विटकरी होता, आणि तळाशी गाळ बसला होता. गाळून घेतलं. कागदावर कुंकू राहिलं.

मी तिच्या खाटेपाशी गेले. तिचं बोट अजून लाल होतं.

"अक्का, हे काय केलंस?"

"तुला लाल पाहिजे व्हतं ना? दिलं. आता डॉक्टरला दाव आन् जल्दी चिरायला सांग."

"औषध तुझ्या आतून उतरायला पाहिजे गं."

"बाटली पाह्यली मी. पिवळी. एवढं लाल टोचलंस, गेलं कुठं मंग?"

सोडा टाकल्याशिवाय रंग दिसतच नाही, हे तिला सांगायचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "मंग टोच पुन्हा!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचलं. या वेळी मी तिच्याजवळच बसून राहिले. बाटली स्वतः नेली, सोडा टाकला आणि खिडकीशी धरली. सगळ्यात फिक्या नळीपेक्षाही रंग फिका होता. आणखी थोडा सोडा टाकून पाहिला. काही फरक पडला नाही.

डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि नाही अशी मान हलवली. अक्काला मीच सांगितलं. तिनं पदराचं टोक चाचपलं.

"तू बी चल घरी संगं," ती म्हणाली.

मी रजा मागायला गेले. किती दिवसांची, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.